दाराखालचा पत्रा दर पावसाळ्यात फुगतोय? जुन्या गाडीला मडफ्लॅप लावण्याआधी हे तपासा

दर वर्षी गणपती गेले की कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या शेडसमोर जुन्या गाड्या उभ्या राहायला लागतात. दोन-तीन पद्मिनी, एखादी अँबेसेडर, कधी गावाकडून आलेली जीप. खंडेनवमीला गाडी पूजेला उभी करायची असते, तोवर रंग व्हायला पाहिजे. आणि तक्रार जवळजवळ एकच असते. पुढच्या चाकाच्या मागं, दाराखाली, तळहाताएवढ्या जागेत रंग फुगलेला असतो. गेल्या वर्षी केलेलं काम यंदा पुन्हा उघडलेलं असतं. मग मालक म्हणतात, "मिस्त्री, या वेळी मडफ्लॅप मारूनच टाका. कटकट नको."

मी लगेच मारत नाही. हीच जागा मी वीसेक वर्षं कापतोय, जोडतोय, रंगवतोय. मडफ्लॅपनं वाचलेल्या गाड्या बघितल्यात आणि मडफ्लॅपमुळंच सडलेल्याही बघितल्यात. फ्लॅप वाईट नाही, पण तो शेवटचा उपाय आहे. त्याआधी पाच-सहा गोष्टी बघायच्या असतात. त्यातल्या बऱ्याच तुम्हाला घरी, अंगणात, रविवारच्या सकाळी जमतील. त्या क्रमानं लिहितोय. क्रम सोडू नका, कारण पहिल्या तीन पायऱ्यांतच निम्म्या गाड्यांचं उत्तर मिळतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. चाकावरचा जो पत्रा असतो तो मडगार्ड. त्याच्या मागं लोंबतं ते रबर म्हणजे मडफ्लॅप. दाराखालचा आडवा पोकळ पत्रा, ज्यावर पाय ठेवून आपण आत चढतो, त्याला मी इथं सिल म्हणतोय.

लक्षणं

सगळी फुगलेली जागा एका कारणानं फुगत नाही, म्हणून नुसतं "गंज आलाय" म्हणून चालत नाही. गाडी उन्हात उभी करा, गुडघ्यावर बसा आणि नीट बघा.

सिलवर, पुढच्या चाकामागं साधारण वीतभर पट्ट्यात, सुईनं टोचल्यासारखे बारीक टिपके दिसतात आणि प्रत्येक टिपक्याच्या मधोमध तपकिरी ठिपका असतो. हे खड्यांचे मार. गंज बाहेरून आत चाललाय.

दुसरा प्रकार फुग्यांचा. रंगावर मार कुठंच नाही, पण सांध्याच्या कडेनं, खालच्या काठाला ओळीनं फोड आलेले आहेत. नखानं दाबलं की पापडासारखा रंग मोडतो आणि आतून ओली तपकिरी पूड येते. हा गंज आतून बाहेर आलाय. इथं फ्लॅप लावून काडीचा उपयोग नाही. पाणी चाकावरून येतच नाहीये, ते सिलच्या पोटात बसलंय.

तिसरं लक्षण आधीच फ्लॅप असलेल्या गाडीवर दिसतं. स्क्रूच्या डोक्याखालून तपकिरी ओघळ उतरलेले असतात. रबराची कड जिथं मडगार्डला टेकते तिथं रंग घासून चंद्रकोरीसारखा पत्रा उघडा पडलेला असतो. गाडी खडबडीत रस्त्यावर चालली की मागून फडफड आवाज येतो.

शिवाय पायाखालची मॅट ओली राहणं, पावसातून आल्यावर दाराच्या हँडलपर्यंत चिखल उडालेला असणं, गाडी धुतल्यावर तासाभरानंही सिलखालून थेंब-थेंब गढूळ पाणी गळणं, हेही लिहून ठेवा. कुठल्या बाजूला जास्त आहे तेही लिहा. डावी बाजू जास्त खराब असेल तर नवल नाही. आपण रस्त्याच्या डाव्या कडेनं चालतो आणि साइडपट्टीचा खडा-चिखल डाव्या चाकालाच लागतो.

पहिली तपासणी: धुवा, आणि बोटं घाला

याला खर्च पाण्याचा. पण नुसतं वरून पाणी मारून उपयोग नाही. पुढचं चाक पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे मागची पोकळी उघडी पडेल. आता मडगार्डच्या आत, वर आणि मागं, जिथं पत्रा पत्र्याला मिळतो त्या खाचेत बोटं घाला. हातमोजे घाला, पत्र्याची कड कापते.

गेल्या वर्षी एका अँबेसेडरच्या डाव्या मडगार्डमधून मी जो गोळा काढला तो अजून डोळ्यासमोर आहे. बाहेरून सुका, वाळल्या शेणीसारखा. तोडला तर आत काळी, थंड, ओली माती. तिच्यात उसाची चिपाडं, लिंबाची पानं, थोडी तांबडी मुरमाड माती आणि बाटलीचं एक टोपण. गाडी महिनाभर शेडखाली उभी होती, एक दिवस पावसात निघालेली नव्हती, तरी आत ओल होती. आणि त्या गोळ्यामागचा पत्रा चाळणी झाला होता.

गंज लागायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. नुसता पाऊस पडला आणि वाळला तर पत्र्याला फार होत नाही. ओली माती पोटीससारखी पत्र्याला चिकटून बसली की ती आठवडेच्या आठवडे ओल धरून ठेवते, आणि कडेनं हवाही मिळत राहते. परदेशातले लोक जुन्या गाडीच्या गंजाबद्दल बोलतात तेव्हा बऱ्याचदा हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाबद्दल बोलत असतात. आपल्या कोल्हापुरात ते मीठ नाही. इथं गंजाचं मूळ साठलेल्या मातीत आहे. नदीकाठची काळी माती चिकट, आणि पन्हाळा, गगनबावड्याकडची जांभ्याची तांबडी माती खड्याची. एक चिकटते, दुसरी मारते. ऊस तोडणी सुरू झाली की शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर ती काळी माती डांबरी रस्त्यावर येते, म्हणजे पाऊस संपल्यावरही सुटका नाही.

धुताना प्रेशरचा जोर सांध्यावर सरळ मारू नका. जुनं सीलंट उडतं आणि पाणी आणखी आत जातं. साध्या नळीनं, हातानं माती भिजवून काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत.

दुसरी तपासणी: निचऱ्याची भोकं

ही सगळ्यात जास्त चुकवली जाणारी गोष्ट आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सिल पोकळ असते. दारही पोकळ असतं. काचेच्या रबरातून दारात पाणी जाणारच, गाडी तशीच बनवलेली आहे. ते बाहेर पडावं म्हणून दाराच्या खालच्या काठाला आणि सिलच्या तळाला बारीक भोकं किंवा खाचा ठेवलेल्या असतात. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीत ती मातीनं बुजतात. त्याहून वाईट म्हणजे रंगकाम करताना कुणीतरी त्यांत लांबी (म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी) भरतं, नाहीतर खालून डांबरी कोटिंग मारताना ती लिंपून टाकतं. दिसायला काठ छान गुळगुळीत दिसतो. पण पाणी आता आतच राहतं.

गाडीखाली सतरंजी टाकून झोपा. गाडी जमिनीवर असू दे, जॅकवर नको. टॉर्चच्या उजेडात खालचा काठ बघत जा. भोक सापडलं की सायकलच्या जुन्या स्पोकचं टोक थोडं वाकवून हळूच फिरवा. खुपसायचं नाही, फिरवायचं. मग दार उघडून काचेच्या पट्टीजवळून तांब्याभर पाणी दारात सोडा. मिनिटभरात ते खालून धार लावून पडलं पाहिजे. पडलं नाही, नुसतं पाझरलं, तर आजार सापडला.

एका मालकांच्या पद्मिनीत दोन्ही पुढच्या दारांत इतकं पाणी होतं की दार बंद करताना आत डुचमळलेलं ऐकू यायचं. त्यांना वाटायचं दाराची यंत्रणा सैल झाली. त्यांनी चार हजारांचे फ्लॅप आणि नवं रबर आधीच घेऊन ठेवलं होतं. काम निघालं स्पोकच्या तारेचं.

पुराचं पाणी लागलेल्या गाड्यांना ही तपासणी दुप्पट लागू आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत सुतारवाडा, कुंभार गल्ली, दुधाळी भागांत पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या मी उघडल्यात. पुराचा गाळ पिठासारखा बारीक असतो. तो सिलच्या पोटात थर धरून बसतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दोन वर्षांनी फोड येतात आणि मालक म्हणतो, गाडी तर आता पावसात काढतच नाही. अशा गाडीत सिल आतून धुवायलाच लागते. आणि पुढच्या वेळी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकली की ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट न बघता गाडी उंचावर हलवा.

तिसरी तपासणी: ठोका आणि चुंबक लावा

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं सिलवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलके ठोके देत जा. चांगला पत्रा ठण वाजतो. सडलेला किंवा लांबीनं भरलेला पत्रा भद्द वाजतो. कान लगेच ओळखतो, शिकवावं लागत नाही.

मग फ्रिजवर लावायचं चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथं ते धरतच नाही तिथं रंगाखाली पत्रा नाही, लांबी आहे. लांबीचा जाड थर असेल तर आधीच्या कारागिरानं भोक बुजवलंय, पत्रा बदललेला नाही. हे आधी कळणं महत्त्वाचं, कारण अशा जागेवर फ्लॅपचा स्क्रू मारला तर तो लांबीतच बसतो. पहिल्या खड्ड्याला निघतो आणि निघताना हाताएवढा पापुद्रा घेऊन येतो.

या तपासणीत बोटाच्या दाबानं पत्रा आत जातोय असं वाटलं तर पुढं वाचायच्या आधी शेवटून दुसरा भाग वाचा. तो "थांबा" म्हणणारा भाग आहे.

चौथी: टायर बाहेर डोकावतोय का?

चाकाच्या वर उभं राहून सरळ खाली बघा. टायरची बाहेरची कड मडगार्डच्या आत दिसली पाहिजे. बाहेर दिसत असेल तर चिखल दारावर उडणारच, मग कितीही चांगला फ्लॅप लावा. जुन्या गाड्यांना रुंद टायर आणि वेगळ्या ऑफसेटची, म्हणजे मूळ जागेपेक्षा बाहेर बसणारी, अलॉय चाकं लावायची हौस अलीकडे वाढलीय. गाडी ठसठशीत दिसते, हे मान्य. पण मूळ अरुंद टायरसाठी मडगार्डची कमान आखलेली होती. रुंद टायर जास्त पाणी उचलतो आणि ते पत्र्याच्या बाहेर फेकतो. मूळ मापाची चाकं कोपऱ्यात पडलेली असतील तर एक महिना लावून बघा. कित्येकदा प्रश्न तिथंच मिटतो.

पाचवी: आधीचा फ्लॅप उतरवा

गाडीला आधीच फ्लॅप असेल तर स्क्रू काढून तो पूर्ण खाली घ्या. नुसतं वाकवून मागं डोकावू नका. रबर आणि पत्रा यांच्यामध्ये पाचरीसारखी माती बसलेली असते, आणि तिच्यामागचा पत्रा बघितल्याशिवाय काही कळत नाही.

इथं मला स्वतःची एक चूक सांगायला पाहिजे, कारण तीच चूक अजून सगळीकडे चालू आहे. नवखा असताना मी एका गाडीला फ्लॅप बसवले. मडगार्डच्या काठाला ड्रिलनं चार-चार भोकं पाडली, सेल्फ टॅपिंग स्क्रू आवळले, रबर पत्र्याला घट्ट टेकवलं. मालक खूश. भोकाच्या कडेचा उघडा पत्रा मी रंगवला नव्हता, कारण स्क्रूचं डोकं ते झाकणारच होतं. तीन पावसाळ्यांनी ती गाडी परत आली तेव्हा चारही भोकं एकमेकांना मिळून एक लांब फट झाली होती आणि काठ हातात आला. फ्लॅपनं खडे अडवले होते, सिल छान होती. पण सिल वाचवताना मी मडगार्ड घालवलं. नवा पत्रा मी माझ्या खर्चानं घातला. तेव्हापासून जुन्या पत्र्याला फ्लॅपसाठी भोक पाडत नाही.

सहावी: गाडी बसलीय का?

सपाट फरशीवर, चारही टायरांत बरोबर हवा भरून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचं अंतर टेपनं मोजा. डावी-उजवी सारखी यायला पाहिजे. एका बाजूला बोटभराहून जास्त फरक असेल, किंवा मागची बाजू चार माणसं बसल्यावर फारच खाली जात असेल, तर पाटे, म्हणजे गाडी पेलणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, थकलेत. पद्मिनीला आणि अँबेसेडरला दोघींनाही मागं पाटे आहेत. अँबेसेडरला पुढं टॉर्शन बार, म्हणजे पिळाच्या जोरावर गाडी पेलणारे दांडे, असतात. तेही वयानं बसतात.

याचा फ्लॅपशी संबंध सरळ आहे. बसलेल्या गाडीला फ्लॅप लावला तर तो गतिरोधकावर घासतो. रिव्हर्स घेताना चाक आणि फरसबंदी यांच्यामध्ये सापडतो आणि मडगार्डचा काठ ओढून वाकवतो. आधी पाट्यांचं काम, मग फ्लॅप. उलटं करू नका.

आता प्रश्न: लावायचा की नाही?

वरच्या तपासण्यांतून खड्यांचे मार हेच कारण उरलं असेल, तरच फ्लॅपचा विचार करायचा. आणि तेव्हाही गाडी कुठं चालते ते विचारा.

गाडी वर्षातून दसऱ्याला, एखाद्या लग्नाला, रविवारी रंकाळ्याला चक्कर मारायला निघत असेल तर लावू नका. कोरड्या रस्त्यावर, चाळीसच्या वेगानं चालणाऱ्या गाडीला त्याची गरज नाही. आपल्याकडे शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक निघते तेव्हा चौकात उभं राहून बघा. जुन्या गाडीची कमान आणि चाक यांच्यामधली मोकळी जागा हेच तिचं रूप असतं. तिथं काळं रबर लोंबवलं की नजर तिथंच अडकते.

आणखी एक कारण आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात ठेवलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. तिला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. तुमची गाडी त्या वाटेवर असेल तर पत्र्यात नवीन भोकं पाडण्याआधी दहा वेळा विचार करा. मूळपण एकदा ड्रिलखाली गेलं की परत येत नाही.

पण गाडी खरोखर चालत असेल, म्हणजे पावसाळ्यात गगनबावडा, राधानगरी, आंबा या बाजूला जाणं-येणं असेल, नाहीतर शेतावर कच्च्या रस्त्यानं जात असेल, तर लावा. पुढच्या चाकांना लावा. लोक नेहमी मागचे आधी लावतात, कारण मोठ्या गाड्यांच्या मागं ते लोंबताना दिसतात. मागच्या फ्लॅपचा बराचसा फायदा तुमच्या मागून येणाऱ्याला होतो. तुमच्या सिलला आणि दाराला मारतं ते पुढचं चाक.

लावायचाच तर असा

एक दोरी घ्या. तिचं एक टोक सिलवरच्या सगळ्यात जास्त मार लागलेल्या जागी चिकटपट्टीनं चिकटवा. दुसरं टोक ताणून टायरच्या मागच्या अंगाला, खालच्या बाजूला, जिथं दोरी टायरला नुसती टेकते तिथं धरा. टायरवरून सुटलेला खडा साधारण त्या दोरीच्या रेषेतच येतो, कारण फिरत्या चाकावरून सुटलेली वस्तू चाकाला टेकणाऱ्या सरळ रेषेत जाते. फ्लॅपनं ती दोरी अडवली की झालं. फ्लॅप टायरच्या जितका जवळ, तितका तो जास्त खाली यायला लागतो. दोरी न लावता अंदाजानं बसवलेले फ्लॅप नेहमी गरजेपेक्षा लांब असतात.

मग जाड पुठ्ठ्याचा नमुना कापा आणि तो तात्पुरता बांधून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा. टायर पुठ्ठ्याला लागता कामा नये. चार माणसं बसवून पुन्हा बघा. खालची कड जमिनीपासून निदान १२ सेंटीमीटर वर राहू द्या. रुंदी टायरएवढीच, मडगार्डच्या बाहेर अजिबात नको.

रबर ३ ते ४ मिलिमीटर जाडीचं, लवचीक घ्या. कडक प्लास्टिकचे तयार फ्लॅप मला आवडत नाहीत. ते वाकत नाहीत, त्यामुळं दगड लागला की सगळा जोर पत्र्यावर येतो. उद्यमनगरात फेरफटका मारलात तर पट्ट्याचं किंवा शीटचं रबर हवं तेवढं कापून मिळतं, आणि पुठ्ठ्याचा नमुना दिला तर लोखंडी पट्टीचा ब्रॅकेटही तासाभरात वाकवून देतात.

ब्रॅकेट मडगार्डच्या आतल्या बाजूला, आधीपासून असलेल्या बोल्टवर बसवा. बोल्ट सोयीच्या जागी नसेल तर काठाला चिमट्यासारखा धरणारा क्लॅम्प करून घ्या, आत रबराचा तुकडा घालून. रबर आणि पत्रा यांच्यात बुश, म्हणजे नळीचा छोटा तुकडा, घालून एक बोट जागा सोडा. ही जागा सगळ्यात महत्त्वाची. ती असली की माती खाली पडते. नसली की फ्लॅपमागं तोच ओला गोळा तयार होतो जो पहिल्या तपासणीत आपण काढला होता.

बसवण्याआधी मार लागलेली जागा दुरुस्त करा. गंज पॉलिश पेपरनं चमकता पत्रा दिसेपर्यंत घासा, इपॉक्सी प्रायमर मारा, वर रंग. नुसता रेड ऑक्साइड, म्हणजे तांबडा प्रायमर, मारून सोडू नका. तो ओल शोषतो, वर रंगाचा थर नसेल तर महिन्याभरात खालून पुन्हा तपकिरी होतो. आणि गंजावरून जाड डांबरी कोटिंग तर कधीच नको. ते ओल बाहेर ठेवत नाही, आतली ओल कोंडून ठेवतं. सिलच्या पोटात पातळ तेलकट मेण फवारून घेतलं तर उत्तम, पण निचऱ्याची भोकं मोकळी ठेवून.

दोनशे-अडीचशे किलोमीटर झाल्यावर बोल्ट एकदा बघा. पहिल्या खडबडीत प्रवासात ते हमखास सैल होतात.

इथं थांबा, माणूस बोलवा

पद्मिनी आणि अँबेसेडर दोन्ही गाड्यांना वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही. सगळा भार अंगच्या पत्र्यावर आहे, आणि त्यात सिलचा वाटा मोठा आहे. जीपचं तसं नाही, तिला खाली वेगळी चासी असते. म्हणून पद्मिनीची सिल सडणं म्हणजे घराची तुळई सडणं.

स्क्रूड्रायव्हरचं टोक हलक्या दाबानं सिलमध्ये घुसलं, तर हात तिथंच थांबवा. गाडी एका बाजूनं जॅकवर उचलली आणि त्या बाजूचं दार घट्ट लागायला लागलं किंवा उघडेना झालं, तर अंग वाकतंय. लगेच खाली उतरवा. जॅक लावायची जागाच आत दबली, तर दुसऱ्या जागी जॅक लावून "बघू" असं करू नका. या तिन्ही वेळी गाडी उत्तम पत्रेकाम करणाऱ्याकडे न्या, आणि वेल्डिंगच्या आधी दाराच्या फटी मोजून घ्यायला सांगा. आधार न देता सिल कापली तर गाडी कायमची वाकडी होते. मी अशा दोन गाड्या पाहिल्यात, ज्यांची दारं नंतर कधीच नीट लागली नाहीत.

गाडीच्या पोटाखालून मागं जाणाऱ्या ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या बघा. नळीवर खवले आले असतील, हात फिरवल्यावर ओल लागत असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल, तर ती गाडी चालवत गॅरेजला न्यायची नाही. टोइंगनं न्या. ब्रेकची नळी सांगून फुटत नाही.

वेल्डिंग घरी करू नका. टाकी, वायरिंग, कार्पेटखालचं जुनं फेल्ट, सगळं पेट घेणारं असतं. ज्याच्याकडे द्याल त्यानं बॅटरी सोडवलीय आणि आतलं फेल्ट उचललंय हे समोर उभं राहून बघा. चांगला कारागीर याचा राग मानत नाही.

आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, दोन मिनिटांसाठीही, जायचं नाही. घोड्या, म्हणजे गाडी उचलून धरणारे लोखंडी स्टँड, लावा. नसतील तर ते काम गॅरेजचं.

पावसाळा संपल्यावर

फ्लॅप लावले असतील तर दिवाळीच्या सुमारास उतरवा. क्लॅम्पवर असले की चार बोल्टांचं, अर्ध्या तासाचं काम. मागची जागा धुवा, वाळवा, रंगाला ओरखडा असेल तर ब्रशनं टिपका द्या. रबर सावलीत सपाट ठेवा, गुंडाळून नको, वाकडं होतं. बोल्ट, बुश, वॉशर एका डब्यात घालून वर डावा-उजवा लिहा. माझ्याकडे येणाऱ्या एक आजी आहेत, यजमानांची फियाट त्यांनी जपून ठेवलीय. त्या तो डबा लोणच्याच्या बरण्यांशेजारी ठेवतात आणि मे महिन्यात पहिला वळीव झाला की फोन करतात, "डबा काढलाय, कधी येतोस?"